वाकळ पोस्टानं पाठवायची तर: माझे चुकलेले हिशोब

पहिलं पार्सल ५२० ग्रॅम भरलं. त्या वरच्या वीस ग्रॅमचे मी ३५ रुपये ४० पैसे जास्त भरले आणि घरी येऊन चहा पिऊन झाला तरी मला कळलं नव्हतं की असं काही झालंय.

मी कोल्हापुरात राहते, जुन्या सुती साड्यांच्या वाकळा (म्हणजे गोधड्या) आणि बाळंतविडा शिवते, म्हणजे दुपटं, टोपडं, झबलं, लहान बाळाची वाकळ असं सगळं. शिवण आत्यांकडून शिकले (आत्या म्हणजे सासूबाई, आमच्याकडं असंच म्हणतात). शिवणं जमतं, फोटो काढणं जमतं, व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर टाकणंही जमलं, पण "ताई शिपिंग किती?" असं कुणी विचारलं की माझी बोबडी वळायची. आता दीड वर्ष झालं, सगळं जमतंय असं नाही, पण निदान कुठं पैसे गळतात ते दिसतंय. हल्ली नव्यानं सुरू करणाऱ्या दोघीतिघी तेच विचारायला लागल्या, म्हटलं एकदा सगळं क्रमानं लिहून टाकू.

मार्च २०२४. जाऊबाईंच्या बाळासाठी केलेल्या बाळंतविड्याच्या सेटचा फोटो स्टेटसला टाकला होता, तो बघून ठाण्याहून एका ओळखीच्या ओळखीतल्या बाईंचा मेसेज आला, असाच पाहिजे. मी किंमत सांगितली ८५० आणि शिपिंग "पन्नास धरूया". पन्नास का? काही कारण नाही. पन्नास हा आकडा चांगला वाटला.

मग राजारामपुरीत जाऊन स्टेशनरीच्या दुकानातून ३० रुपयांचं एक छान खोकं आणलं, ब्राउन टेप आणली, आत रंगीत कागद घातला, आणि पोस्टात गेले. काउंटरवरच्या काकांनी खोकं काट्यावर ठेवलं, काहीतरी टाईप केलं आणि म्हणाले, "एकशे सहा रुपये वीस पैसे." मला वाटलं चुकून दुसऱ्याचं बिल सांगतायत. मागं रांग होती, मी गप पैसे दिले.

घरी येऊन वहीत मांडलं. ८५० अधिक ५० म्हणजे ९००. त्यातून कापड-दोरा २४०, पोस्ट १०६.२०, खोकं ३०, टेपचे १० धरले, रिक्षा जाऊन येऊन ८०. राहिले ४३३ रुपये ८० पैसे, चार संध्याकाळच्या कामाचे. मी मनात ६१० धरून बसले होते. वाईट वाटलं खरं, पण जास्त राग आला तो स्वतःचा, कारण पोस्टानं काही लपवलेलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मुद्दाम दुपारी गर्दी नसताना गेले आणि त्याच काकांना विचारलं, हा दर लागतो कसा? त्यांनी पावतीच्या पाठीमागंच लिहून दिलं. वजनाचे टप्पे असतात, २०१ ते ५०० ग्रॅमला एक दर, त्याच्या पुढं प्रत्येक ५०० ग्रॅमला वाढीव, आणि ते अंतरानुसार. तेव्हाचा स्पीड पोस्टचा दर होता तो असा: २०० किलोमीटरच्या आत (म्हणजे सांगली वगैरे) अर्धा किलोपर्यंत ५० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला १५, मग २०१ ते १००० किलोमीटरला ६० आणि ३०, १००१ ते २००० ला ८० आणि ४०, त्याच्याही पुढं ९० आणि ५०. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ठाण्याला अर्ध्या किलोत बसलं असतं तर ७० रुपये ८० पैसे, आणि माझं ५२० भरलं म्हणून ते एक किलोच्या टप्प्यात गेलं, १०६.२०.

गंमत म्हणजे माल होता ३५० ग्रॅमचा. १७० ग्रॅम माझं ते छान खोकं आणि रंगीत कागद.

(हे आकडे जुने आहेत. पोस्टानं १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, २०१२ नंतर पहिल्यांदाच, त्यामुळं आताचे दर पोस्टाच्या साईटवर पिनकोड टाकून बघा. आणि रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच घातलंय. हिशोबाची पद्धत कळावी म्हणून जुने आकडे तसेच ठेवलेत.)

घरी काटा नव्हता. दोन-तीन पार्सलं मी आमच्या गल्लीतल्या वाण्याकडं जाऊन तोलून आणली, तो डाळीच्या ताटलीत माझं टोपडं ठेवायचा आणि आलेल्या गिऱ्हाईकांना सांगायचा, "वहिनींचं नवीन दुकान." शेवटी ३५० रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. माझ्या आख्ख्या धंद्यातली सगळ्यात चांगली खरेदी तीच. एकच लक्षात ठेवा, आपला काटा आणि पोस्टाचा काटा यात पाच-दहा ग्रॅमचा फरक पडू शकतो, म्हणून मी घरी ४८५ च्या वर जाऊ देत नाही.

मग खोकं बंद करायचं ठरलं. हे आत्यांना आधीपासूनच पटत नव्हतं. "अगं, वाकळ काय काचंची हाय व्हय, खोक्यात घालायला?" त्यांचं म्हणणं, त्यांच्या लहानपणी पार्सल कापडात शिवून, गाठीवर लाख लावून जायचं, काही होत नव्हतं. त्यांनी मांजरपाटाची पिशवी शिवली, बरोबर मापाची, तोंड दाभणानं टाके घालून बंद, वर स्केच पेननं पत्ता. वजन फक्त ४० ग्रॅम. आणि दिसायला इतकी सुंदर की ठाण्यातल्या त्याच बाईंच्या बहिणीनं पिशवी जपून ठेवली म्हणे. मी खूश. एप्रिल, मे, जून आम्ही सगळं मांजरपाटात पाठवलं, ३९० ग्रॅमच्या आसपास बसायचं, सत्तर रुपये ऐंशी पैशांत ठाणे, मुंबई, नाशिक. शिपिंगचा प्रश्न सुटला असं मला वाटायला लागलं होतं.

जूनमध्येच मोठ्या वाकळेची पहिली ऑर्डर आली, नाशिकहून, पाच बाय सात फूट. पाच थरांची, नऊवारीच्या जुन्या साड्या, महिना लागला शिवायला. वजन २ किलो ३०० ग्रॅम. आता मी हुशार झाले होते ना, त्यामुळं वजन आधी केलं, एका कुरिअरच्या दुकानात दर विचारला, किलोला ९० रुपये म्हणाले, मग तीन किलो धरून २७० आणि मी बाईंना २५० शिपिंग सांगितलं, वीस रुपये माझ्याकडून. एवढी मोठी वस्तू पिशवीत कशी पाठवायची म्हणून यावेळी खोकं घेतलं, आणि वाकळ त्यात अलगद, चुरगळू नये अशी ठेवली.

दुकानातल्या पोरानं खोकं काट्यावर ठेवलं, २.७ आलं, मी पर्स उघडली, तर त्यानं टेप काढली. लांबी ४०, रुंदी ३५, उंची २५. मोबाईलवर गुणाकार केला. "सात किलो मॅडम. सहाशे तीस."

मी म्हटलं काट्यावर तर पावणेतीन दिसतंय. तो म्हणाला, "ते खरं वजन. हे व्हॉल्युमचं. दोन्हीत जास्त असेल ते लागतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा नीट सांगते. गाडीत जागा अडते, म्हणून हलक्या पण फुगलेल्या वस्तूचं वजन मापावरनं काढतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला ५००० नं भागायचं. ४० × ३५ × २५ म्हणजे ३५,०००, भागिले ५००० म्हणजे सात किलो. बहुतेक ठिकाणी ५००० नं भागतात पण सगळीकडं तेच असेल असं नाही, तेव्हा नवीन कुरिअरवाल्याला दर विचारायच्या आधी "कितीनं भागता?" हे विचारायचं. भागायचा आकडा लहान असेल तर तुमचं पार्सल तितकं जड होतं. लोखंडाचं किंवा मातीचं काही विकणाऱ्यांना याचा त्रास कमी, पण वाकळ, उशी, क्रोशाच्या बाहुल्या, लोकरीचं काहीही, आपण सगळे या मापात सापडतो. वाकळ म्हणजे निम्मी हवाच की.

त्या दिवशी मी ६३० भरले. नाशिकच्या बाईंना जास्तीचे मागायचं धाडस झालं नाही, एकदा सांगितलेला आकडा बदलायचा कसा. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, एमआयडीसीत आमच्याकडं ट्रान्सपोर्टवाला पण असंच करतो. दहा वर्षं एकाच घरात राहतोय आणि हे आत्ता सांगतात.

उपाय शोधताना आधी व्हॅक्यूमची पिशवी आणली, ती हवा काढायची असते ती. वाकळ एकदम पापडासारखी झाली, आम्ही सगळे बघत बसलो. पण दोन दिवस कपाटात ठेवून बघितलं तर एका पिशवीत हवा शिरली आणि ती फुगून बसली. हेच वाटेत झालं असतं तर निघताना एक माप आणि कुरिअरच्या हबला, म्हणजे पार्सलं गोळा होतात तिथं, दुसरं माप. शिवाय पिशवी ७० रुपयांची. नाद सोडला. मग आत्यांनीच सांगितलं ते केलं: वाकळ चौकोनी घडी घालून रात्रभर लोखंडी ट्रंकेखाली ठेवायची आणि सकाळी दाब असतानाच सुतळीनं उभी आडवी आवळून बांधायची, मग लगेच पिशवीत. तीच पाच बाय सातची वाकळ अशी दाबली की ४० × ३४ × ११ होते. १४,९६० भागिले ५०००, म्हणजे २.९९. तीन किलो, २७० रुपये. त्या ट्रंकेनं माझे ३६० रुपये वाचवले. वाकळेला काही होत नाही, उन्हात अर्धा तास टाकली की परत फुलते, तसं चिठ्ठीत लिहून देते.

बाळाच्या वाकळेला मी आता घडीचं माप ठरवूनच टाकलंय, ३२ बाय २६ आणि जाडी सहा. ४,९९२, म्हणजे एक किलोच्या काठावर आत. जाडी सात झाली तर १.१६ होतं आणि कुरिअरवाला दीड किलो लावतो. एक सेंटिमीटर! आता मुलगा शाळेची पट्टी शोधायला लागला की आधी माझ्या शिवणाच्या टेबलावर बघतो.

मग आला जुलै. कोल्हापूरचा जुलै मी काय सांगणार. त्या वर्षी महिन्याच्या शेवटी पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, घराघरात तेच, पाणी किती फुटांवर आलं. मी त्याच्या थोडं आधी मांजरपाटातलं एक पार्सल पुण्याला पाठवलं होतं. ते आठ दिवसांनी पोहोचलं आणि बाईंनी फोटो पाठवला. पिशवीवरचा स्केच पेनचा पत्ता पसरून निळा डाग झालेला, पोस्टमननं पत्ता कसा लावला देव जाणे, आणि तो निळा रंग आतल्या पांढऱ्या झबल्यावर उतरलेला. बाई भल्या, म्हणाल्या राहू दे. मलाच राहवेना. नवीन झबलं शिवून परत पाठवलं, परत पोस्ट.

आत्या दोन दिवस बोलल्या नाहीत नीट. पिशवी त्यांची होती म्हणून. मी सांगितलं पाऊस काय तुमच्या हातात हाय? मग म्हणाल्या, आमच्यावेळी वरनं मेणकापड लावायचे, ते मी इसरले.

प्लास्टिकची कुरिअर बॅग कुठं मिळते ते मला चप्पल लाईनीतल्या एका दुकानदारानं सांगितलं. मी मामांसाठी (मामा म्हणजे सासरे) चप्पल घ्यायला गेले होते, तो मागं बसून ऑनलाईनच्या ऑर्डरी भरत होता, मी बघतच राहिले. लक्ष्मीपुरीत होलसेलमध्ये शंभराच्या बंडलात घ्या म्हणाला, सुटी घेऊ नका. स्टेशनरीत जी १० रुपयाला एक, ती बंडलात साडेतीनला पडली. १० बाय १२ इंचाची सेटसाठी, मोठी वाकळेसाठी. पावती ठेवायचा खिसा वर असलेलीच घ्या, लेबल ओलं होत नाही. त्यानंच आणखी एक सांगितलं: बॅगेच्या आत साधी पॉलिथिनची पिशवी घालून तिचं तोंड दुमडून टेप लावायची, कारण कुरिअर बॅग फाटते ती कोपऱ्यात आणि पाणी शिरतं ते तिथनं. आतली पिशवी दोन रुपये. मांजरपाट अजून वापरतो आम्ही, पण सर्वात आत, भेट दिल्यासारखी. पत्ता छापील लेबलवर, मोबाईल नंबर आणि पिनकोड ठळक, आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर आतसुद्धा टाकायचा, वरचं लेबल गेलं तर कामाला येतो.

स्पीड पोस्टचं पार्सल हरवलं तर काय, हेही विचारून ठेवलं होतं. भरपाई मिळते ती भाड्याच्या दुप्पट किंवा १००० रुपये, जे कमी असेल ते. म्हणजे माझ्या ७०.८० च्या पार्सलला १४१ रुपये ६० पैसे. २८०० ची वाकळ असली तर हे ध्यानात ठेवून विमा काढायचा का ते ठरवा. माझं आजवर एकही हरवलं नाही, उशिरा मात्र गेलंय.

मधल्या काळात ट्रॅव्हल्सनं पाठवायचंही करून बघितलं. रात्रीच्या पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं पार्सल द्यायचं, १०० रुपये, वजन नाही माप नाही काही नाही. स्वस्त वाटतं, पण घ्यायला पहाटे साडेचारला रस्त्यावर उभं राहावं लागतं आणि माझं गिऱ्हाईक म्हणजे नुकतंच बाळ झालेलं घर. एका बाईंचा नवरा पहाटे जाऊन आला आणि नंतर त्यांनी परत कधी ऑर्डर दिली नाही.

ऑगस्टमध्ये एका वेबसाईटवर खातं उघडलं, नाव सांगत नाही, ज्यावर एकाच ठिकाणी चार-पाच कुरिअरचे दर दिसतात आणि माणूस घरी येऊन पार्सल नेतो. आधी ५०० रुपये वॉलेटमध्ये भरायचे. अर्ध्या किलोचा दर ५८ दिसला, मी हरखले. पहिली दहा-बारा पार्सलं मजेत गेली. तीन आठवड्यांनी वॉलेट बघते तर पैसे कमी! वजनात तफावत म्हणून चार पार्सलांना त्यांनी एक किलो लावला होता. त्यांच्या मशीनवर बॅग फुगलेली मोजली गेली असणार. तक्रार करायला सात दिवस दिलेले, त्यातले पाच मेल न बघण्यात गेलेले. फोटो मागितले, काट्यावरचा आणि टेप लावून तिन्ही बाजूंचा. माझ्याकडं एकाच पार्सलचा होता, चुलतबहिणीला दाखवायला काढलेला. त्या एकाचे पैसे परत आले, तिघांचे गेले. तेव्हापासून प्रत्येक पार्सलचे चार फोटो, काटा, लांबी, रुंदी, उंची, लेबलसकट. एक मिनिट लागतं. मोबाईलमध्ये त्याचा वेगळा फोल्डर केलाय, मुलगा म्हणतो आईच्या फोनमध्ये आमच्यापेक्षा पार्सलांचे फोटो जास्त आहेत.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी. एकदाच केलं. नागपूरच्या ऑर्डरीला जाताना ९२ गेले, दारात नको म्हणून सांगितलं, तर परत यायचे ८४. १७६ रुपये खर्चून माझी वाकळ महाराष्ट्र फिरून आली. आता आधी युपीआय, मग शिलाई. यात काही ऑर्डरी जातात हे खरं आहे, पण ज्या जातात त्यांचा मला खर्च येत नाही.

सप्टेंबरमध्ये जीएसटीचं निघालं. हे पोस्टेजमध्ये कशाला असं वाटेल, पण पार्सल कुठं पाठवायचं याच्याशीच त्याचा संबंध आहे. आमच्या सीएनी सांगितलं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, माझी उलाढाल त्याच्या आसपाससुद्धा नाही. मोठ्या वेबसाईटवरून विकायचं असलं तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय राज्यातल्या राज्यात चालतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा. पण परराज्यात माल विकायचा तर नोंदणी लागते, पहिल्या रुपयापासून. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, यादी आहे, आपली वस्तू तिच्यात बसते का ते सीएकडून तपासून घ्या, स्वतःच्या मनानं धरून चालू नका.

आता कोल्हापूरकरांची अडचण बघा. नागपूर कुठल्या कुठं, पण ते आपलं राज्य. आणि निपाणी, जिथं आमची अर्धी पावणेमंडळी, एसटीनं तासाभरात पोहोचतो, ते परराज्य! निपाणीच्या एका बाईंची बाळंतविड्याची ऑर्डर मी तीन आठवडे थांबवून ठेवली. त्या म्हणाल्या, मी रविवारी अंबाबाईला येणारच आहे, येऊन घेऊन जाते. तशा आल्या आणि घेऊन गेल्या, पोस्टेज शून्य.

बेंगळुरूच्या मराठी मंडळींकडून विचारणा वाढल्या म्हणून शेवटी नोंदणी केली. सरकारी फी काही नाही. पॅन, आधार, फोटो, लाईट बिल, आणि घर मामांच्या नावावर म्हणून त्यांचं संमतीपत्र. मामांनी ते दोनदा वाचलं, "घर लिहून घेत न्हाईस न्हवं?" विचारलं आणि सही केली. नंबर नवव्या दिवशी आला, २७ नं सुरू होणारा. त्यानंतर विक्री असो नसो रिटर्न भरायचं असतं, सीएची फी खर्चात धरा. आणि एक बारीक गोष्ट, नोंदणी झाल्यावर बिलात शिपिंग वेगळं दाखवलं तरी त्यावर मालाचाच जीएसटी लागतो, तेव्हा "शिपिंग ८०" सांगताना ते ८० कशासकट हे ठरवून ठेवा.

दिवाळीपर्यंत वहीत ऑगस्ट ते ऑक्टोबरची ४६ पार्सलं नोंदली गेली. भाडं सगळं मिळून ४,१८६, म्हणजे एकाला ९१. पॅकिंग ६९०, म्हणजे एकाला १५. या १५ मध्ये बॅग, आतली पिशवी, टेप, लेबल, चिठ्ठी सगळं आलं. रिक्षा बंद केली, मंगळवार आणि शुक्रवार दोनच दिवस सकाळी अकराच्या आत गाडीवर जाते, रोज एक पार्सल घेऊन पळत नाही.

मग भाव ठरवायचा घोळ. पुण्याची नणंद म्हणाली फ्री शिपिंग टाक, लोकांना फ्री आवडतं. टाकून बघितलं, ८५० चा सेट ९३० केला आणि फ्री लिहिलं. विचारणा वाढल्या हे खरं. पण एकीनं दोन सेट आणि एक वाकळ एकत्र घेतली आणि म्हणाली, ताई तीन वस्तूंत तीनदा भाडं घेतलंत की! तिचं बरोबर होतं. तेव्हापासून पॅकिंगचे १५ वस्तूच्या किमतीत आणि भाडं वेगळं, सेटला तेव्हा महाराष्ट्रात ८०, बाहेर १२० ठेवलं, दुसरी वस्तू त्याच टप्प्यात बसली तर तिचं काही नाही. मोठ्या वाकळेचा आकडा मी सांगतच नाही, ट्रंकेखालून काढून, बांधून, मोजल्यावर सांगते. "उद्या सकाळी कळवते" म्हटलं तर आजवर कुणी रागावलेलं नाही. त्या ८० मध्ये कधी सांगलीला दहा-वीस सुटायचे, कधी दुसरीकडं तेवढेच जायचे, वहीत महिन्याअखेरी बघायचे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोस्टाचे दर बदलले तेव्हा एक संध्याकाळ बसून सगळं परत मांडलं, यावेळी भीती वाटली नाही, वैताग आला फक्त. ओटीपी घेऊनच पार्सल द्यायची सोय आता जादा पाच रुपये अधिक जीएसटीत मिळते, महागड्या वाकळेला मी ती घेते.

आत्ता हे लिहितेय तर समोर एक सेट बांधून तयार आहे, डोंबिवलीला जायचाय. ४८४ भरला होता, म्हणून मी निवांत. तेवढ्यात आत्या आल्या आणि बाळासाठी अंबाबाईच्या अंगाऱ्याची पुडी बॅगेत सरकवली. ४८९. मी काट्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुडी काढायची माझी हिंमत नाही, म्हणून कात्री घेऊन माझी धन्यवादाची जाड चिठ्ठी निम्मी कापली.